गावच्या लेकीचं उसनं

पहिल्यांदा माफी मागते. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं, हे मला धड कळत नाही. अक्षरही ओळीवर टिकत नाही, चढणीला लागल्यासारखं वर वर जातं. चौथीनंतर शाळा सुटली. मग लिहिलं ते किराण्याची चिठ्ठी आणि बचत गटाचा हिशोब, एवढंच. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. वाचलंच कुणी, तर चुका पोटात घालाव्यात. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. कागद तोंडाकडं बघत बसत नाही, म्हणून त्याला सांगते.

आमचं गाव जळकोट तालुक्यातलं, बाजार उदगीरचा. गटात आम्ही दहा-बारा बायका. काम म्हणजे कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची, मग चुलीच्या कडेला धगीवर उभी करून पार कोरडी करायची. नीट वाळली तर कितीतरी दिवस टिकते. गठ्ठे बांधून आम्ही उदगीरच्या दुकानांत द्यायचो. चुली आमच्याच घराच्या परसात, उघड्यावर. पावसाळा लागला की धंदा बसायचा. हवेनं भाकरी सादळायची, आणि सादळलेली कडक भाकरी म्हणजे निव्वळ चामडं.

गटाची अध्यक्ष माझी थोरली जाऊ. तिला मी अक्का म्हणते. तिनं बोलायचं आणि मी लिहायचं, अशी आमची वाटणी. बँकेत साहेबापुढं ती बोलायची, मी मागं उभी राहून पिशवी सांभाळायची. मला ते बरं वाटायचं.

आमच्या शेजारच्या घरची लेक नांदेडकडं दिलेली. नवरा उमरीकडचा, इंजिनिअर. लग्नानंतर दोघं इंग्लंडला गेले. तिथं लातूर-नांदेडकडच्या लोकांनी मिळून एक मंडळ काढलंय आणि ती त्या मंडळाची अध्यक्ष आहे. परकर-पोलक्यात आमच्या परसातली बोरं वेचणारी पोरगी, आता माईकवर बोलते. तिनं मोबाईलवर पाठवलेला येळवशीचा व्हिडिओ आम्ही किती वेळा पाहिला असेल.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात कुणी राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, तिच्यात चुना लावलेले दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, मग शेंगा-भाज्या बेसनात शिजवलेली भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उकडलेले उंडे. वाटेनं जाणाऱ्याला हाका मारून जेवायला बसवतात. बोलावलं तर नाही म्हणायचं नसतं. तिकडं त्या दिवसांत मरणाची थंडी, म्हणून त्यांनी शाळेच्या हॉलात कोप केली होती. कडबा कुठला मिळायला? मोठ्या खोक्यांचे पुठ्ठे उभे केले होते.

"अगं बया," अक्का म्हणाली, "खोक्यात बसून जेवून राहिले गे हे!"

हसून हसून आमची पुरेवाट झाली. पण मला आतून भरून आलं. इतक्या लांब जाऊन त्यांना भज्जीची आठवण होते, पुठ्ठ्याची का होईना पण कोप करावी वाटते. त्या जेवणाला त्यांनी तिकीट लावलं होतं. येळवशीचं जेवण विकत, हे अक्काला काही पटेना. लेकीनं फोनवर समजावलं, "काकू, ते पैसे आपल्या भागासाठीच असतात. ह्या वर्षीचे तुमच्या गटाला द्यायचं ठरलंय. पावसात चुली विझतात, ते मी बघून गेले होते ना."

मंडळाचं इकडचं काम नांदेडला तिचा दीर बघतो. त्याच्या ऑफिसातून गटाच्या खात्यावर पैसे आले. आम्ही पत्र्याचं शेड उभं केलं, विटांच्या भिंती, ओळीनं चुली, वर धुराडं. एका कोपऱ्यात पिठाची गिरणी बसवली. गिरणीचा पट्टा पहिल्यांदा फिरला तेव्हा मी भिंतीला हात लावून उभी होते, भिंत हातात थरथरत होती. आपलं असं काही थरथरताना मी आधी कधी अनुभवलं नव्हतं.

पूजेच्या दिवशी माझी सासू आली. कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात काठी. तिनं शेडभर फिरून पाहिलं, चुलींवरून हात फिरवला. खूश होती. मी तिला तांब्याभर पाणी दिलं.

"लई पैसा लागला आसंल," ती म्हणाली. "कुणी दिला गे?"

अक्कानं छाती पुढं काढून सांगितलं. शेजारच्या लेकीनं दिला, तिच्या मंडळानं.

सासूनं तोंडाशी नेलेला तांब्या खाली ठेवला.

आमच्याकडं जुनी माणसं लग्न करून दिलेल्या लेकीच्या घरी पाणीसुद्धा पीत नाहीत. प्यायलंच तर तिच्या हातावर काहीतरी ठेवून येतात. लेकीला द्यायचं असतं, तिच्याकडून घ्यायचं नसतं. आणि गावची लेक म्हणजे एका घरची नाही, सगळ्या गावाची.

"दिलेल्या लेकीचा पैसा गाव खाऊन राहिलं?" सासू म्हणाली. "शिव शिव! मी हितं थेंब घेणार न्हाई."

ती गेली. तिच्यामागं आणखी म्हाताऱ्या उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी दोघीतिघींच्या सासवांनी सुनांना कामाला धाडलं नाही. चुली नव्या, गिरणी नवी, आणि थापायला हातच कमी. असंच चाललं असतं तर गट महिनाभरात मोडला असता. अक्काला ते सहन झालं नाही. संध्याकाळी सासू ओट्यावर म्हाताऱ्यांत बसली होती, तिथंच जाऊन अक्का मोठ्यानं म्हणाली, "आत्याबाई, ते दान न्हाई. उसनं आणलंय. फेडून राहिलो आम्ही."

"फेडून राहिले?"

"हाव."

"मग फेडा. उसन्याला माझं काई म्हणणं न्हाई."

खरं म्हणजे तोवर आम्ही एक रुपया फेडला नव्हता. उसनं हा शब्दही आमच्यात कुणी काढला नव्हता. सुना कामाला परत आल्या, पण बैठकीत सगळ्या अक्काच्या अंगावर धावून गेल्या. "तुला कुणी इचारलं व्हतं?" एकजण म्हणाली. "फुकट आलेलं तू उसनं केलंस."

"मग काय म्हणायचं व्हतं? तू सांग गे धाकले," अक्का माझ्याकडं वळली.

मी हिशोबाच्या वहीत डोकं घातलं. पण मनात मला तो शब्द फार आवडला होता. आजवर आम्हाला जे मिळालं ते रांगेत उभं राहून मिळालं. शिलाई मशीन मिळालं तर हातात कागद धरून फोटो काढायचा, खाली लिहिलेलं असायचं लाभार्थी. उसनं तसं नसतं. शेजारणीकडून वाटीभर पीठ आणायचं, आपलं दळण आलं की वाटी शिगोशीग भरून परत द्यायची. त्यात कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही. त्या दिवशी मी हिशोबात एक रकाना वाढवला आणि दर महिन्याच्या विक्रीतून बाजूला काढायला लागले. विरोध करणारीनं रकाना पाहिला, नाक मुरडलं, पण नाही म्हणाली नाही.

बऱ्यापैकी साठल्यावर मी आणि अक्का कंधारवरून एसटीनं नांदेडला गेलो. कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर ऑफिस. लेकीचा दीर भला माणूस. चहा मागवला, खुर्च्या पुसून दिल्या. पैसे टेबलावर ठेवले तसा तो गोंधळून गेला.

"वहिनी, आमच्याकडं पैसे द्यायचं खातं हाय. परत घ्यायचं खातंच न्हाई. आजवर कुणी परत आणलेच न्हाईत ना!"

"मग आज उघडा की," अक्का म्हणाली.

त्यानं तिकडं फोन लावला आणि मधे ठेवला. लेकीचा आवाज आधी आनंदाचा होता. अक्कानं सांगितलं तसा तो बदलला.

"महादेवाच्या सभामंडपाला गावच्या पोरांनी बाहेरून पैसे पाठवले. ते कुणी परत केले, काकू? माझेच का? मी पोरगी म्हणून? तिकडं सगळ्यांना मी सांगितलं, माझ्या गावानं घेतलं. आता काय सांगू, माझ्या गावाला माझे पैसे चालत न्हाईत?"

अक्कानं फोन माझ्यापुढं सरकवला. मग लेक मला म्हणाली, "धाकट्या काकू, तुम्ही तरी बोला."

 मी नुसती फोनकडं बघत राहिले. शेवटी दिरानं पैसे उचलून परत अक्काच्या पिशवीत ठेवले.

येताना कंधारपर्यंत अक्कानं पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. मग म्हणाली, "पैसे घिऊन गेलो, पैसे घिऊन आलो, तरी कुणीतरी लुटल्यावानी वाटून राहिलं गे." मला पैशाचं नव्हतं वाटत. पोरीचा आवाज कानातून जात नव्हता. फेडलं तर ती दुखावते, नाही फेडलं तर गट मोडतो. पैसे मी गटाच्या खात्यात वेगळे ठेवले आणि दर महिन्याला भर टाकत राहिले.

त्या वर्षी येळवशीला लेक गावी आली. बांधावरून जात होती. सासूनं कोपीतून हाक मारली, "ये गं पोरी, जेवायला ये." येळवशीची हाक, ती नाही म्हणू शकत नव्हती. आली, चप्पल काढून बसली. भज्जी वाढली, वर तेल सोडलं. ती जेवली. मी मनात म्हटलं, आजचा दिवस तरी नीट जाऊ दे. पण हात धुवायच्या आधीच तिनं विषय काढला.

"आजी, मी लहानपणी तुमच्या कोपीत जेवले, आत्ताही जेवले. मग माझं तुम्हाला का चालत न्हाई?"

"लेकीचं घेत न्हाईत बाई. रीत हाय."

"पोरांचं घेतलं सभामंडपाला."

"ती पोरं हायेत."

"आन् मी कोण?"

सासूनं उंडा मोडला आणि मोडतच राहिली.  कोपीत सगळे ताटात बघायला लागले. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "सभामंडपात गिरणी हाय का?"

ते मीच म्हणाले होते. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझे कान तापले, पण आता मागं फिरायला जागा नव्हती.

"सभामंडप कमवत न्हाई बाई," मी म्हटलं. "त्याला दिलं ते दिलं. आमची गिरणी कमवती. आम्ही कमवून राहिलो. कमावत्या माणसाला उसनं देतात, दान देत न्हाईत. तू लेक हायेस म्हणून परत करून न्हाई राहिलो. तू पोरगा असतीस तरी परत केलं असतं."

"पोराचं मी परत करू दिलं नसतं," सासू म्हणाली.

"आत्याबाई, तुमचं तुमच्यापाशी राहू द्या," मी म्हटलं.

कोपीत एकच हशा उठला. सासूही हसली. तिला मी उलटून बोलले, ही लग्नानंतरची पहिलीच वेळ असेल. लेक माझ्याकडं टक लावून बघत होती.

"काकू, तुम्ही एवढं बोलता?"

"वर्षाचं सगळं एकदम बोलली," अक्का म्हणाली.

लेकीचे डोळे भरले होते. हात भज्जीनं बरबटलेले, म्हणून तिनं कोपरानं डोळे पुसले. म्हणाली, "बरं. उसनं तर उसनं. मग व्याज लावीन."

"लाव की," सासू म्हणाली. "आधी आंबील पी."

तिथूनच, बांधावर उभं राहून, तिनं नांदेडला फोन लावला आणि दिराला खातं उघडायला सांगितलं. आम्ही परत दिलेले पैसे पुढच्या गटाला जातील, हेही तिनंच ठरवलं. व्याज काही लावलं नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही नांदेडला गेलो तेव्हा दिरानं पैसे घेतले, मोजले, पावती दिली. ती पावती पाहिल्यावर सासू शेडच्या दारापर्यंत आली. आत नाही, दारापर्यंत. निम्मं फिटलं तेव्हा आत येऊन बसली आणि भाकरीला कड नीट येत नाही म्हणून सगळ्यांना बोलून गेली. त्यानंतर रोजच येते. कधीकधी वाटतं, न आलेली बरी होती.

सगळे दिवस सारखे गेले नाहीत. एका वर्षी काढणीच्या तोंडावर पाऊस लागून राहिला, ज्वारी काळी पडली. चांगल्या ज्वारीच्या भावानं भाकरी महागली, तसे दुकानदारानं गठ्ठे कमी केले. रकान्यात टाकायला काही उरेना. मंडळातून निरोप आला, काही घाई नाही, थांबलात तरी चालेल. ज्या बाईनं उसन्यावरून बैठकीत भांडण काढलं होतं, तीच म्हणाली, "थांबायचं कशाला? शेवया करू." मग आम्ही लग्नघरांच्या शेवया आणि पापडाच्या ऑर्डरी घेतल्या. हप्ता बारीक झाला, पण चुकला नाही. तिचं ते बोलणं मला अजून आठवतं.

मंडळानं त्यांच्या येळवशीला आमच्याच भाकरी मागवल्या. पहिल्या पार्सलला आम्ही गठ्ठे उदगीरला बांधतो तसे आवळून बांधले. तिकडं पोचेपर्यंत सगळा भुगा. लेकीनं फोटो पाठवला, लोक वाटीतल्या भज्जीवर भाकरीचा भुगा घालून चमच्यानं खात होते. एका आजोबांनी तीनदा मागून घेतला म्हणे. दुसऱ्या वेळी आम्ही पत्र्याच्या डब्यांत घालून पाठवल्या, त्या अख्ख्या गेल्या. त्यांनी दाम पाठवले. अक्का म्हणाली, हे उसन्यातच वळते करू. मी नाही म्हटलं. विक्री ती विक्री, उसनं ते उसनं, एकात एक घालायचं नाही. आता अक्का माझं ऐकते.

उमरी तालुक्यातल्या एका गटाच्या बायका आमचं शेड बघायला आल्या होत्या. दीरच त्यांना घेऊन आला. त्यांनी हळद दळायचं यंत्र घेतलं होतं, आम्ही परत केलेल्या पैशांतून. त्यांतली एकजण दारात चप्पल काढून आली आणि अक्काच्या पाया पडायला वाकली. अक्का दोन पावलं मागं सरली.

"आमच्या कशाला पडता? पैसा आमच्या लेकीचा हाय. आमच्याकडून गेला एवढंच."

आमची लेक, असं ती म्हणाली. आमच्या सासूनं ते ऐकलं आणि मान हलवली.

आम्ही त्यांना जेवायला घातलं. त्या बायका चुलींना हात लावून बघत होत्या, धुराडं कुठं घ्यायचं विचारत होत्या, आणि अक्का ताटं-भांडी आवरायला बाहेर गेलेली असल्यामुळं मीच सांगत होते. किती वेळ बोलत होते कुणास ठाऊक. मधेच लक्षात आलं की माझा आवाज गिरणीच्या वर जातोय.

शेवटचा हप्ता ह्या वर्षी गेला. एसटीनं नाही, जीप करून सगळ्याच गेलो. नवी लुगडी, डोक्याला तेल, एखाद्या लग्नाला निघाल्यासारख्या. त्या लहानशा ऑफिसात बसायला जागा नव्हती. अर्ध्याजणी जिन्यातच उभ्या राहिल्या, खालचा दुकानदार वर येऊन विचारून गेला, काय झालं म्हणून. दिरानं पैसे मोजले. पुन्हा एकदा मोजले. मग सुरुवातीपासूनचं सगळं जुळवून पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, बाकी काही न्हाई." पावतीवर अक्कानं अंगठा दिला नाही, मी शिकवलेली सही केली. तिच्याखाली मी केली, पूर्ण नाव लिहून.

त्यानं फोन लावून माझ्या हातात दिला. तिकडं लेक कामावर होती, मागं माणसांचा आवाज येत होता.

"काकू, झालं?"

"झालं बाई," मी म्हटलं. "तुझं सगळं उसनं फिटलं."